नव्या घराचा वास

बोरगाव मेघे, वर्धा

ती. नत्थूजींस, वासुदेवचा रामराम.

तुमची आणि घरच्या मंडळींची तब्येत बरी असावी. तुमचे गुडघे, दात आणि कपाशी आपापल्या जागी असावीत. इकडे आम्ही जिवंत आहोत, पण बहुतेक वेळ फाटकाबाहेर.

नवं घर पाहायला तुम्ही आला नाहीत, वाचलात. मुकेशने (पोरगा पुण्यात, घराची देखरेख मोबाइलवरून) खोलीखोलीत भिंतभर प्लायची कपाटं करवली, भिंतींना चकचकीत रंग आणि खिडक्यांना घट्ट काचा. सुतार आदेश म्हणाला, "काकाजी, मुंगीबी अंदर नाई येणार." खरंच नाही आली. हवाही नाही आली. वास्तुपूजेला पाहुणे आत शिरले आणि एकेकाचे डोळे वाहू लागले. मला वाटलं, आपल्या जन्माचं चीज झालेलं पाहून लोक गहिवरले! मीही मनसोक्त रडलो. (भटजी संकल्प अर्ध्यात सोडून अंगणात पळाले, तेव्हा तरी शंका यायला हवी होती.)

मग तुमच्या बहिणीला खोकला लागला. वास जावा म्हणून मी धूप घातला, उदबत्त्या लावल्या, खोकला वाढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्लायच्या गोंदातून आणि रंगातून केमिकलचा वायू महिनोन्महिने निघत राहतो, त्यात तुम्ही धुराची भर घातली, आधी खिडक्या उघडा. उघडल्या. लगेच मुकेशचा फोन, "बाबा, धूळ येईन, लॅमिनेट खराब होईन!" आणि नत्थूजी, मी त्या बंद केल्या. देवका खोकत खोकत हे पाहत होती. "तुमी लॅमिनेटले जपा, मी चालली," म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली. तेव्हा माझ्या तोंडून काय निघावं? "कपाटाची चाबी कुठं हाय?" पस्तीस वर्षांच्या संसारात याहून वाईट वाक्य मी बोललो नसेन.

ती अल्लीपूरला तुमच्याकडे दोन दिवस हवापालटाला आली आहे, असं मी शेजारच्या अण्णाजींना सांगितलं. आज अकरावा दिवस. अण्णाजी आता विचारत नाहीत, नुसते पाहतात.

लहानांना आशीर्वाद.

आपला,
वासुदेव

ता.क. कालपासून दारं, खिडक्या, कपाटं सताड उघडी टाकली आहेत. धूळ येऊन राह्यली, चिमण्या येऊन राह्यल्या. मुकेशला कळवलेलं नाही.

आणखी एक. पत्र लिहायचं कारण एवढंच, की तिचा खोकला थांबला का ते कळवा. थांबला असेल तर तिला पाठवू नका. मलाच तिकडे बोलवा. पण ती हो म्हणाली तरच.