खारूताईचा हात

सोमवार, ४ ऑक्टोबर

कामाला लागलो एकदाचा! जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, उतारवयात पुस्तकं वाचून वाचून कॉम्प्युटरवर रंगवायला शिकलो, त्याचं आज चीज झालं. निघताना लेकीने टोमणा मारलाच, की बाबा, तिथे शिडी नसते हो, सवयीने टेबलावर चढाल. नात, म्हणजे आमची खारूताई, पार फाटकापर्यंत सोडायला आली.

कचेरी दोन खोल्यांची. मालकीणबाई शाळांसाठी गणिताचे खेळ बनवतात. खिडकीशी माझं टेबल, त्यावर प्लास्टरचा एक हात. सॉफ्टवेअर मोठं मजेचं आहे. पडद्याला रंगमंच म्हणतात आणि प्रत्येक चित्राला पात्र. माउस हलवला की पडद्यावर बाण फिरतो ना, त्याच्या जागी मी बोटं उघडमीट करणारा रंगीत हात आणायचा. चिमुकली चित्रं काढायची, ओळीने लावायची, तर्जनीच्या टोकाला क्लिक नेमून द्यायचं, की झाला हलता कर्सर.

बाईंनी एकच बजावलं, की चित्रं प्लास्टरच्या हातावरूनच काढा, जित्या हातावरून नको. मी मान डोलावली. एकेकाची पद्धत असते.

बुधवार, ६ ऑक्टोबर

प्लास्टरचा हात मेला तो मेलाच. कितीही रंग चढवा, काडीचा जीव येईना. शेवटी घरी खारूताईचा हात कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. मूठ, अर्धी मूठ, उघडा पंजा. तिला अशा गुदगुल्या झाल्या की लेक ओरडली, बाबा, तुम्ही दोघंही एकाच वयाचे आहात.

आज पडद्यावर चढवला. काय सांगू, जिता हात! बाईंनी विचारलं, प्लास्टरवरूनच ना? मी चक्क हो म्हटलं.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

नखांना चमक म्हणून पांढरा रंग भरला होता, तिथे गफलत झाली. या कर्सरमध्ये पांढरं म्हणजे आरपार. नखांतून मागचा पिवळा पडदा दिसायला लागला. उद्या बघू म्हटलं.

संध्याकाळी खारूताई कुरकुरत होती, की आजोबा, नखांतून वारा जातोय. हात मांडीवर होता. फ्रॉकवरचं निळं फूल मला तिच्या नखातून दिसलं. चष्मा पुसला. तरी दिसलं.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

सकाळीच जाऊन नखांत गुलाबी भरला. घरी फोन केला, तर खारूताईची नखं ठीक. हुश्श केलं. खेळाची एका शाळेत चाचणी होती, म्हणून दुपारी मला सुट्टी.

खारूताई दूध पीत होती. एकाएकी तिचा हात टेबलावरून सरकला, पेला लवंडला. तर्जनी पुढे, लाकडावर टक, टक. मग हात झर्रकन दुसरीकडे. ती रडत म्हणाली, आजोबा, हात माझं ऐकत नाही. मी तो दाबून धरला. माझ्यासकट ओढला गेला.

बाईंना फोन लावला. त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, शाळेतल्या शिक्षिका वर्गात आत्ताच माउस फिरवून बघतायत.

शनिवार, ९ ऑक्टोबर

बाईंना सगळं सांगितलं. तेव्हा कुठे त्या बोलल्या. आधीच्या चित्रकाराने आपल्या कुत्र्यावरून कर्सर केला होता म्हणे. घाबरून त्याने ती चित्रं काढून टाकली, प्लास्टरचं कुत्रं बसवलं. घरी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा तेवढा उरला. पट्टा बंदच होता.

म्हणजे खारूताईची चित्रं पुसायची नाहीत. सोमवारी दहाला सगळ्या शाळांत खेळ उघडणार. मी म्हटलं, थांबवा. बाई म्हणाल्या, तिथल्या मशीनवर चढून बसलाय, आपल्या हातात नाही. इथली चित्रं बदलली तर तारेवरून तिथलीही बदलतात, इतकंच.

एका माउसने पेला सांडला. वर्गच्या वर्ग, सगळे एकदम, हजार दिशांना ओढणार— एवढंसं मनगट तिचं.

रविवार, १० ऑक्टोबर

जित्याच्या जागी जितं बसवून बघू. डाव्या हाताने माझ्या उजव्या हाताभोवती पेन्सिल फिरवली. सुरकुत्यांसकट. पांढरा कुठेही नाही, मनगटावरच्या केसांनासुद्धा राखाडी.

पहिलं पात्र बदललं. घरी फोन. लेक म्हणाली, खारूताई आहे की, खेळतेय. दुसरं बदललं. माझी करंगळी गार पडली. शेवटचं बदललं तेव्हा खारूताई स्वतः फोनवर आली, म्हणाली, आजोबा, हात माझा झाला.

माझी बोटं टेबलावर उघडमीट करतायत. मी करत नाहीये.

सोमवार, ११ ऑक्टोबर

घरीच आहे. लेकीला म्हटलं, हात लचकलाय. हळद लावू का म्हणाली. पोरीला शाळेत सोडून ये म्हटलं. जाताना खारूताईने हात हलवला. आपल्या मनाने हलवला. पोटभर बघून घेतलं.

दहाला दोन मिनिटं कमी. मनगट टेबलाच्या पायाला बांधलंय, लिहिण्यापुरती ढील ठेवून. गाठ लेकीच्या ओढणीची, पक्की.

कुठेतरी कुणी पोर लवकर येऊन बसलंय— ओळ वाकडी जातेय—

खारूताई, माउस दिसला तर हळू धर गं बाळा, तो हात आजो—