मालकाच्या तोंडून एकदाचं

लालबाग, मंगळवार

आई,
पाया पडतो. आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? कुळथाची पिठी पोचली.

कारखाना बंद पडलेला नाही, हे आधी सांगतो. अमेरिकेने कर वाढवला आणि तिकडच्या शर्टांची ऑर्डर थांबली, एवढंच. मालक म्हणतात, "मी कुणाला काढलं नाही. घरी बसा, बोलावतो." पगार मात्र नाही. मला बसवत नाही गं. रोज जाऊन माझं मशीन पुसून येतो.

नोकरी गेलेल्यांना सरकारी मदत मिळते म्हणून कामगार विम्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमची नोकरी गेलीय कुठे?" मालकांना म्हटलं, मग काढूनच टाका. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "गुरुनाथ, तू घरचा माणूस!" आता यांच्याशी भांडायचं तरी कसं?

जत्रेत तू देवीला गाऱ्हाणं घातलंस ना, झिलाची नोकरी टिकू दे म्हणून? तिने फारच मनावर घेतलंय. उद्याच देवळात जा आणि गुरवाला नवं गाऱ्हाणं घालायला सांग, मालक गुरुनाथला कामावरून काढू दे. आणि जमतील त्या सगळ्यांना म्हणावं, "व्हय म्हाराजा" जरा जोरात म्हणा.

तुझा गुरुनाथ