हातावरचं मीठ

प्रिय मथुराकाकी,

काल तुझा तेरावा झाला. निघताना तुझ्या सुनेने माझ्या हातात एक पिशवी दिली. "सासूबाईंनी सांगितलं होतं, ही बाईंची वस्तू हाय," म्हणाली. उघडून बघते तर तुझी ती गाठींची दोरी! म्हणून हे पत्र. बालवाडीत मी शिक्षिका, तू मदतनीस, चार वर्षं रोज समोरासमोर होतो तेव्हा जे बोलले नाही, ते आता लिहून काय उपयोग, असं तू म्हणशील. म्हण. मी लिहिणारच.

आठवतं ना, आपली सहल? मी म्हणत होते, रोह्यातल्याच बागेत नेऊ, घसरगुंडी आहे. तू हटूनच बसलीस. "बाग काय रोजचीच हाय. माझ्या बापाचं मिठागर दाखवू पोरांना." मिठागरात कधी कोणी बालवाडीची सहल नेतं का गं? पण तुझ्यापुढे माझी शिक्षिकेची ऐट कधी चालली होती!

बावीस पोरं, दोरीला बावीस गाठी. एका मुलाने एक गाठ धरायची, सोडली तर खाऊ नाही. अष्टमी गावच्या पुलावरून ती वरात स्टँडवर आली तेव्हा दुकानदार बाहेर येऊन बघत होते. एसटीत कंडक्टरला तू ठणकावलंस, "सगळी पाच वर्षांखालची हायत, तिकीट नाय!" आणि आपला बंड्या छाती फुगवून म्हणाला, "मी पाच वर्षांचा!" कंडक्टरसुद्धा हसला. तुझा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

वडखळला उतरून खाडीच्या बांधापर्यंत चालताना चारजणांना शू लागली, दोघांना आई आठवली. तू एकीला कडेवर घेतलंस, दुसऱ्याच्या हातात पदराचं टोक दिलंस. मी नुसती गाठी मोजत होते.

तुझे आबा बांधावर वाट बघत उभे होते. ठेवणीतला सदरा घालून! "चपला काढा पोरांनो, अन्न हाय ते," म्हणाले. मग लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून दाखवलं. पांढरे ढीग बघून पोरं किंचाळायलाच लागली. आबांनी बांधावर पानं मांडली, प्रत्येकावर चिमूट चिमूट मीठ ठेवलं. "हातात नाय द्यायचं मीठ, भांडण व्हतंय. उचला आपापलं." तू किती खूश होतीस काकी! इतकं खूश मी तुला नंतर कधी पाहिलं नाही.

आणि मग ती पिंकी. मीठ चाटत म्हणाली, "बाई, मी मोठी झाल्यावर मीठच ओढणार!"

मी काय बोलले? "वेडी का तू? अभ्यास केला नाहीस तर हेच करावं लागेल."

आबांचे हात थांबले. मिठाने चिरलेल्या त्यांच्या पायांकडे माझं लक्ष तेव्हा गेलं. ते हसले आणि म्हणाले, "व्हय, बाई सांगतात ते बरोबर हाय. शिका गो." तू खाली वाकून पोरांच्या चपला जुळवत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलीस ती पुडी सोडत. माझा हात धरलास आणि मूठभर मीठ तळहातावर ठेवलंस. "आबांनी दिलंय."

"अगं, हातात? भांडण होईल ना!" मी हसत म्हटलं.

"होऊ दे की," म्हणालीस आणि झाडू घेऊन वळलीस.

मला अर्थ कळायला दोन दिवस लागले. कळला तेव्हा फार लाज वाटली. आज बोलू, उद्या बोलू, असं करत चार वर्षं गेली. पण काकी, तू तरी का गप्प बसलीस? एका बोंबलासाठी कोळणीशी तासभर भांडायचीस, मग माझ्याशी का नाही? मी शिकलेली म्हणून? एकदा तोंडावर म्हणायचं होतंस, बाई, माझ्या बापाच्या कष्टावर बोललीस! मी रडले असते, पाया पडले असते, आणि आपण दोघींनी मिळून चहा घेतला असता.

काल आबा कोपऱ्यात बसले होते. मी समोर गेले. "येते," एवढंच मी म्हणाले आणि सटकले. पुन्हा!

आता पळणार नाही. येत्या मार्चात नव्या पोरांना तुझ्याच दोरीला धरून मिठागरात नेईन. सांगेन, हे मथुराकाकींचे वडील. तुमच्या डब्यातल्या भाजीला चव येते ती यांच्यामुळे. मागे यांच्याच समोर मी फार चुकीचं बोलले होते. आणि आबा पानं मांडायला लागले की मी हात पुढे करीन. म्हणेन, आबा, माझं मीठ पानावर नको, हातातच द्या. तुमच्या लेकीचं माझ्याशी एक भांडण राहून गेलंय.

तुझीच,
बाई

ता. क. दोरीला मी आज तेविसावी गाठ मारली. ती मी धरणार आहे.