आधी काय कराल?

४ फेब्रुवारी, सकाळ
आज लायसन्सची परीक्षा. नर्सिंगची डिग्री झाली, आता एवढं लायसन्स आलं की वॉर्डात स्टाफ नर्स. मेट्रनबाईंनी जागा जूनपर्यंत माझ्यासाठी राखून ठेवली आहे. तोवर ट्रेनी. तयारी पक्की. शेवटचे काही धडे राहिले, पण त्यांवर कुणी विचारत नसावं.

दुपार
कॉम्प्युटर अर्ध्यातच थांबला. बिघडला नाही. ही परीक्षा अशीच असते, उमेदवाराबद्दल खात्री पटली की तो प्रश्न विचारणं बंद करतो. माझ्याबद्दल फारच लवकर पटली. शेजारची मुलगी अजून घाम पुसत होती. तिच्याकडे दयेने पाहून बाहेर आलो.
आईला पास म्हणून सांगून टाकलं. तिने लगेच आत्याला फोन लावला.

११ फेब्रुवारी
नापास. खात्री पटली होती, पण उलट्या बाजूने. हे आधी स्पष्ट सांगायला नको का? आई आता आत्याचे फोन उचलत नाही.

१३ फेब्रुवारी
धाकट्या बहिणीला प्रश्न विचारायला बसवलं. पेशंटला धाप लागली आहे, आधी काय कराल? मी म्हटलं, सिस्टरना कळवीन. ती म्हणाली, चूक, बेडची उशाकडची बाजू वर करायची. तिला सांगितलं, तू कॉमर्सची, तुला वॉर्ड काय कळणार? आमच्याकडे मेट्रनबाईंची सक्त ताकीद आहे, ट्रेनीने कशाला हात लावायचा नाही, सिस्टरना बोलवायचं. दिवसभर मी तेच करतो आणि शाबासकी घेतो. परीक्षेत नेमके त्याचेच मार्क कापतात. पेपर काढणाऱ्याने वॉर्ड पाहिलेला दिसत नाही.

२ मार्च
मे महिन्यात पुन्हा परीक्षा. नवं टाइमटेबल केलं. रंगीत पेनांनी. दिवसभर चादरी बदलणं, बेडपॅन, लॅबला सॅम्पल पोहोचवणं. घरी येऊन पुस्तक उघडलं आणि त्यावरच डोकं टेकलं. झोपेत उजळणी होते असं कुठेतरी वाचलंय.

१९ मार्च
कॉलेजात मला एक वर्ष ज्युनियर असलेली चष्मेवाली आमच्याच वॉर्डात ट्रेनी म्हणून आली. तिचीही परीक्षा मे महिन्यात. बिचारी घाबरलेली, म्हणून तिला शिकवायचं ठरवलं. ती प्रश्न विचारते, मी उत्तर देतो, मग ती पुस्तक उघडून बरोबर उत्तर सांगते. शिकवल्याने आपलंच पक्कं होतं म्हणतात.

१० एप्रिल
घरच्या घरी प्रॅक्टिकल. जेवताना बाबांना जोराचा ठसका लागला. चार पर्याय डोळ्यांसमोर आणले. पहिला बाद केला. दुसऱ्यावर विचार चालू होता, तेवढ्यात आईने त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या. मी उत्तराशी पोहोचलो तेव्हा बाबा दुसऱ्यांदा वाढून घेत होते. उत्तर बरोबर होतं, वेळ कमी पडला.
नंतर बाबांनी विचारलं, मी जूनमध्ये रिटायर होतोय, तोवर तुझी नोकरी लागेल ना? म्हटलं, प्रश्नच नाही. त्यांनी मान हलवली, पण ताटातून डोकं वर काढलं नाही.

२१ मे
परीक्षा दिली. या वेळी धोरण बदललं. कुणालाही कळवायचं नाही, सगळं स्वतः करायचं. धाप लागली, स्वतः. वॉर्डात आग लागली, स्वतः. सर्जनने औषधाचा डोस चुकीचा लिहिला, तोही मीच बदलला. कॉम्प्युटर पुन्हा अर्ध्यात थांबला. चष्मेवालीचा शेवटच्या प्रश्नापर्यंत चालला. बसमध्ये तिची खूप समजूत घातली.

२८ मे
ती पास.
माझी पुढची परीक्षा सप्टेंबरात. जागेची मुदत जूनपर्यंत. मेट्रनबाईंकडे रुबाबात गेलो, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, थांबा म्हणून सांगायला. त्यांनी बसायला सांगितलं आणि चहा मागवला. बाई कधी कुणाला चहा देत नाहीत, तेव्हाच समजलो. जागा चष्मेवालीला दिली.
लिनन रूममध्ये चादरींच्या घड्या घालायच्या निमित्ताने गेलो आणि रडलो. बराच वेळ रडलो.

३० जून
ट्रेनीची मुदत संपली. मेट्रनबाई म्हणाल्या, लायसन्स नाही तर फक्त वॉर्ड हेल्परची जागा देता येईल. त्याच चादरी, तेच बेडपॅन. वर्षाचा बॉन्ड, मध्ये सोडता येणार नाही, परीक्षेला सुट्टी मिळेलच असं नाही. निर्णय तुमचा, काय करताय?
येताना वाटेत उत्तरं तयार केली होती. स्वाभिमान आहे. इतर हॉस्पिटलं आहेत. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, सिस्टरना विचारून सांगतो.
बाईंनी पेनचं टोपण परत लावलं. मग म्हणाल्या, विचारा.
सिस्टर म्हणजे आता चष्मेवालीच, ती औषधांची ट्रॉली लावत होती. हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, कर सही, घरी बसून तरी काय करणार आहेस?
परत जाऊन सही केली.
घरी बाबा दारातच उभे होते. आज त्यांचा ऑफिसचा शेवटचा दिवस, हातात हार तसाच. जागा पक्की झाली का, म्हणाले.
हो म्हटलं. वर्षभर पक्की.