समुद्रावर जायचं तर आबांना विचारा

१२ नोव्हेंबर
विट्याच्या स्टँडवर संपत भेटला. बायकापोरं घेऊन समुद्रावर निघालाय.
"आबा, खोल्या कुठं चांगल्या? तुमाला तिथलं सगळं ठावं हाय म्हनत्यात."
सांगितलं. कराडवरनं जा, घाट उजेडात उतर. देवळामागच्या काकूंकडं राहा, लॉजवाले शनिवारी भाव चढवतात. जेवण आदल्या दिवशी सांग. गाडी वाळूत घालू नको, भरतीला चाकं रुतत्यात.
"पोहणारा कोण हाय तुमच्यात?"
"मीच की! इहिरीत वाढलोय."
"मग तू घोट्याच्या वर पाण्यात जायचं न्हाई."
हसला. मग मला हे सगळं कशानं ठाऊक ते आठवलं त्याला. चहा तसाच ठेवून उठला.

१३ नोव्हें.
गेल्या सालच्या दिवाळीला माझा विकी दोस्तांबरोबर तिथं गेला. दोस्त परत आले. मी आणि दत्ता, माझा धाकटा भाऊ, काकूंच्या पडवीत राहिलो. रोज ओहोटीला कोळ्यांबरोबर वाळू तुडवायची. काही हाती लागलं नाही. तेवढ्यात गाव पाठ झालं.
म्हातारा कोळी म्हणाला, "आत ओढायला लागलं की काठाला समांतर जायचं, ओढ सुटते. तुमचा मुलगा सरळ काठाकडेच हात मारत राहिला असणार. असे ताकदीचेच जातात."
विहिरीत हेच शिकतात सगळे. काठ दिसला की मार हात.

१६ नोव्हें.
विकीच्या फोटोला ही अजून हार घालू देत नाही. दिवस घालायचं नाव काढलं की उठून चुलीकडं.
दुपारी माडीवर पडलो होतो. मदुराईच्या सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात फरशीवर वाजलेल्या नाण्याची खोट ओळखायचो, कान अजून तसेच आहेत. जिन्याखाली ही फोनवर, हळू आवाजात –
"काकू, आज पानी कवा उतरलं? ... कुनी गेलतं का बघाय?"
कूस बदलली नाही. माडीची फळी वाजते.

१७ नोव्हें.
शेतावरनं काकूंना फोन केला.
"अहो, रोज करतात त्या. मी वेळ सांगते. काही नाही, तेही सांगते. मग विचारतात, आज आमटी कसली केलीत."
रोज. आणि मला वाटत होतं ही माहेरी बोलते.

१९ नोव्हें.
जेवताना म्हटलं, जाऊया समुद्रावर.
हात थांबला तिचा. "मला वाटलं, तुमी न्ह्याचाच न्हाई."
मग एकेक. कवा पोचायचं. खोलीतनं पाणी दिसतं का. रात्री आवाज येतो का. मी सांगत गेलो, घाट उजेडात, जेवण आदल्या दिवशी...
"आवं, गिऱ्हाईक हाय का मी?"
लय दिवसांनी हसली. मीही.

२२ नोव्हें.
दत्ता आला. "वैनी, तितंच भटजी बगून ठिवू का? एकदा करून टाकू. पोराचा जीव किती टांगून ठेवायचा?"
तिनं ताटात भाकरी वाढली त्याच्या. अजून एक वाढली.

२३ नोव्हें.
उद्या पहाटे निघायचं. काकूंनी ओहोटीची वेळ कळवलीय, पोचून चहा घेऊन किनाऱ्यावर जाता येईल.
ही पिशवी भरत होती. तिची दोन लुगडी, माझे कपडे, भडंग. तळाशी विकीची इस्त्रीची पँट, निळा शर्ट, कोरडा टॉवेल.
"हे कशाला?"
"लागत्याल."
भटजीपुढं द्यायला म्हणून, का दुसऱ्या कशाला, पुढं विचारलं नाही. दत्ताला फोन करायचा होता, भटजीचं काय ते सांगायला. तोही केला नाही.
ती पाणी आणायला गेली. पिशवीत कडेला थोडी जागा होती. त्याच्या चपला कागदात गुंडाळून मी तिथं ठेवल्या.