दुसऱ्या अंकातला भित्रा

वरोरा, ३ डिसेंबर २०२५

चि. आदेश यास,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. फोन केला की तू हो-हो म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्र.

माझ्यावरचं तुझं नाटक पाहून तुझी आई सुगंधाबाई इकडे आली. दारातूनच म्हणाली, भाऊजी, तुमचा कुलदीप तं लय भेकड निघाला, तुमीच त्याले थापड मारून विमान वळवलं. एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बफेकी विमान कुलदीप चालवत होता. मी नॅव्हिगेटर, मागे बसून नकाशावर वाट काढणारा. बॉम्ब टाकून वळताना तोफेचा मार लागला. त्याच्या खुर्चीला बाहेर फेकून जीव वाचवायची सोय होती, माझ्या जागेला नव्हती. तो मला सोडून बाहेर उडाला नाही. फाटक्या मांडीने त्याने मला परत आणलं. वीरचक्र घ्यायला मी जिवंत राहिलो तो त्याच्यामुळे. तो थापडेचा प्रवेश काढून टाक.

तुझा काका,
वारलू

वडसा, ९ डिसेंबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

लहानपणापासून विचारतो आहे, लढाईत काय झालं. तुम्ही झालं गेलं म्हणून विषय बदलत आलात. मग मी माझ्या मनाने रचलं. झाडीपट्टीच्या नाटकात दुष्ट माणूस नसला तर लोक मधातच उठून जातात. गावोगावच्या मंडईच्या जत्रांतल्या प्रयोगांच्या तारखा लागल्या आहेत, प्रवेश निघणार नाही. उलट वडशाच्या प्रयोगाला कुलदीपरावांची मुलगी येते आहे. पडदा उघडण्याआधी शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार करतो. तुम्हीही या. लोभ शिल्लक असेल तर राहू द्यावा.

आपला,
आदेश

वरोरा, १३ डिसेंबर

आदेश,

लेकीच्या हातात नारळ द्यायचा आणि लगेच तिच्या बापाला भेकड दाखवायचं, हे तुलाच सुचावं. तिला मराठी येत नाही, म्हणून निभेल असं वाटलं असेल. मी येतो. तिच्या शेजारी बसून एकेक वाक्य हिंदीत सांगतो. तिचा चेहरा तू विंगेतून पाहा. लोभ असावा असं आज म्हणवत नाही.

वारलू

वडसा, २२ डिसेंबर

ती. काकांस नमस्कार.

तुमच्या धमकीमुळे प्रवेश बदलून तुम्ही लिहिलं तसा केला, ते तुम्ही पाहिलंच. लोक उठून गेले नाहीत, हेही कबूल करतो. पण नाटकात तुमचं काम करणारा सुरज माझ्यावर चिडला आहे. म्हणतो, मले काऊन घेतलं मंग. पोस्टरवर तुम्ही आणि टाळ्या कुलदीपला. सुरजने नुसतं मागे बसून डावीकडे घे, अजून थोडं डावीकडे, एवढंच म्हणायचं. तुम्ही माझ्याशी न बोलता, न जेवता निघून गेलात. सगळ्या कंपनीसमोर माझी शोभा झाली. हे मी विसरणार नाही. प्रकृतीस जपावे.

आदेश

वरोरा, २७ डिसेंबर

चि. आदेश,

नको विसरू. माझाही राग उतरलेला नाही. विचारल्याशिवाय मेलेल्या माणसाला भित्रा करणं मला कधीच माफ करता येणार नाही.

बोललो नाही, कारण बोलता येत नव्हतं. मुलीला हिंदीत सांगत होतो, पण त्या प्रवेशाला मी नुसता रंगमंचाकडे पाहत राहिलो आणि पुढचं सांगायचं राहिलं. ती माझा हात धरून बसली होती. तिला सगळं कळलं.

सुरजला सांग, चिडू नको. विमानात मी तेवढंच बोललो होतो. बाकी सगळं कुलदीपने केलं.

वारलूकाका