कोठीच्या खोलीतली पिल्लं

२ मार्च
रावेरहून दाजींचा फोन. केळीच्या घडात भला मोठा कोळी निघाला, पोटाखाली पांढरी गाठोडी धरून. पॅकिंगच्या माणसांनी चप्पल उगारली होती, दाजींनी वरून रिकामं क्रेट उपडं घातलं. "भाऊ, हे तुझं खातं. येऊन घेऊन जा." दुपारची एस.टी. पकडली. टारंटुलाच. मादी, पायांसकट तळहाताएवढी. गाठोडीत अंडी. परतताना डबा मांडीवर. शेजारच्याने विचारलं काय आहे, म्हटलं मिठाई.

अमळनेरला उतरेपर्यंत अंधार पडला होता. डबा बघून सुमन उंबऱ्यातच थांबली. "हाई घरमा कसाले लई वनात?"
घरात कशाला आणलं ते उद्या सांगतो म्हटलं. डबा पुढच्या खोलीत ठेवला.

३ मार्च
वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. आधी हसला. मग म्हणाला, अंडी आहेत तोवर हलवू नका. पिल्लं निघाली, जरा मोठी झाली, की पावसाळ्यात सातपुड्यात सोडू, मी येतो सोबत. लेखी द्या म्हटलं तर, "कोळ्याचं कसलं लेखी, साहेब!" वाघाचं असतं तर दिलं असतं.

कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं असिस्टंट होतो. बेडूक, धामण, विंचू, सगळं बरणीत घालून दिलं. बरण्यांवरची लेबलं अजून माझ्याच अक्षरात आहेत. जिवंत एकही वाढवला नाही. गेल्या वर्षी रिटायर झालो. हा एवढा एक जगवायचाय.

२९ मार्च
निघाली!! गाठोडी फाटली. साठ-सत्तर असतील, मोजताना सारखी हलतात. आई वर उभी, मध्येच एखाद्यावर पाय ठेवते, पण अलगद.
सुमनने दारातूनच बघितलं. मुगाएवढी आहेत म्हणाली. बरोबर आहे.

४ एप्रिल
पिल्लं वेगळी केली. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या, झाकणाला सुईची भोकं, तळाशी नारळाचा भुसा, ड्रॉपरने एक थेंब पाणी. नंबर टाकले. चार ट्रे झाले. काळ्या पडलेल्या केळ्यावर चिलटं धरतो, बाटलीमागे एक. बा. ९ ने पाठीमागून झडप घातली. बाकीची अजून बावळट.

८ एप्रिल
प. सर घरी आले. आमच्या विभागाचे प्रमुख, म्हणजे आता त्यांच्या. आई हवी म्हणाले. "दोन दिवस द्या, जात नक्की करतो, फोटो काढतो." नको म्हणायला तोंड उघडलं आणि जुनी सवय, "हो सर" बाहेर पडलं. डबा मीच गाडीपर्यंत नेऊन दिला.

१५ एप्रिल
आज स्वतः कॉलेजात गेलो. दोन दिवसांचा आठवडा झाला, फोन उचलत नाहीत.

आई कपाटात. बरणीत. पाय छान पसरून लावलेले, मी शिकवलं तसंच. लेबलावर "संग्राहक:" आणि पुढे प. सरांचं नाव. रावेरला गेले होते का हे? क्रेट यांनी उपडं घातलं? "अहो, नाही तरी किती दिवस जगली असती," म्हणाले. ही मादी अजून काही वर्षं जगली असती. यांनी एम.एस्सी.ला शिकवलंय हे!
तसाच घरी आलो, चारही ट्रेंमधल्या बाटल्या पुन्हा मोजल्या.

१९ एप्रिल
उन्हाचा कहर. पुढच्या खोलीत दुपारी एक्केचाळीस. कोठीच्या खोलीत चौतीस. जाड भिंत, एकच झरोका. चारही ट्रे तिथल्या फळीवर नेले. वर ओलं फडकं.

२१ एप्रिल
फळीवर पापडाचे डबे ठेवायचे म्हणून सुमनने एक ट्रे उचलून स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली ठेवला. मला न विचारता. चांगलाच ओरडलो. नंबर बिघडतात, हलवलं की पिल्लं बिथरतात, हजारदा सांगितलं. "हलाडं नही, उचलीसन ठेवं," म्हणाली. म्हटलं, आता परत हलवू नकोस, राहू दे तिथेच.

२४ एप्रिल
वर्षाचा गहू भरला. दरवर्षी सुमन एरंडेल चोळून भरते, दोन दिवस तेच चालतं, हातांना कडवट वास. यंदा म्हटलं बंद कर ते. बाजारातून गोळ्या आणल्या, धान्याच्या. फडक्यात बांधून कोठीत मीच टाकल्या, झाकण लावलं. तासाभरात काम संपलं. ती म्हणाली, बाईचं काम एवढं सोपं असतं तर. मी म्हटलं, केमिकल हाताळण्यात जन्म गेलाय माझा.

२६ एप्रिल
फळीवरच्या ट्रेमधली सकाळी गप्प. २१, २२, २४ पाय आखडून. संध्याकाळी आणखी. पाणी दिलं, उपयोग नाही. ऊन? चिलटं? केळ्यावर फवारा होता का? दाजींना फोन, तेच चिडले. "घरची केळी आहेत, आम्ही पोरांना तीच देतो."

२७ एप्रिल
फळीवरचे तिन्ही ट्रे जवळजवळ संपले.

सुमनवर घसरलो. देवापुढे धूप लावतेस, झुरळांचं औषध मारलं असशील, तुला पहिल्या दिवसापासून ती नकोच होती. असं सगळं म्हणालो. शेजारी ऐकत असतील तर ऐकोत.
"मी तं हात बी नही लावा." एवढंच. मग भाकरी थापायला बसली. माझ्या ताटात वाढली, स्वतःचं ताट घेतलं नाही.

२८ एप्रिल
प. सरांना फोन करून बोललो. आई असती तर पिल्लं जगली असती, असं काहीबाही. शास्त्राला धरून नव्हतं, मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. "मेलेली फेकू नका, स्पिरिटमध्ये घाला," म्हणाले. फोन आपटायची सोय राहिलेली नाही आता, नुसतं बोट टेकवावं लागतं.

२९ एप्रिल
खोली झाडायला घेतली. फळीखाली पाल मरून पडलेली. कोठीच्या बुडाशी मुंग्यांची रांग, जागच्या जागी. झुरळं उताणी. लसणीसारखा वास.

गोळ्यांचं पाकीट शोधलं. मागे बारीक अक्षरात लिहिलंय: विषारी वायू. बंद खोलीत थांबू नये. बत्तीस वर्षं पोरांना ओरडत आलो, बाटली उघडण्याआधी लेबल वाचा. एफ.वाय.च्या पोरींना रडवलंय त्यावरून. आणि मी

झरोका उघडला, दार सताड उघडं टाकलं. आम्ही दोघं भिंतीपलीकडेच झोपत होतो पाच दिवस. तेही आत्ता सुचतंय.

मीच मारली. सुमनला सांगितलं. तिने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं.
"एरंडेल लावाले मी व्हतीच ना." पाकीट परत माझ्या हातात दिलं. मग, "तुम्हना जनम बठ्ठा मरेलसमा गया. जित्तं कसं ऱ्हास ते तुम्हले कथाइन माहीत?"
सगळा जन्म मेलेल्यांतच गेला, खरं आहे. राहिलेली खोली झाडून काढली.

३० एप्रिल
माठाखालचा ट्रे जिवंत आहे. सोळा बाटल्या, चौदा पिल्लं. बा. ९ धरून. तिने हलवला म्हणून. मी ओरडलो होतो म्हणून हा ट्रे परत फळीवर गेला नाही, नाहीतर तिने गुपचूप ठेवला असता.
गोळ्या गावाबाहेर पुरल्या. गहू अंगणात पसरलाय, सुमन चाळतेय. मी मदतीला बसलो तर म्हणाली, तुम्ही तिकडचं बघा.

९ मे
पारा चव्वेचाळीस. माठाच्या पाझराने तिवईखालची हवा गार राहते. बारा पिल्लं. दोन गेली, कशाने ते कळलं नाही. या वेळी कुणावर ओरडलो नाही.
सुमन चिलटं माझ्यापेक्षा चांगली पकडते. बाटलीचं तोंड केळ्यावर टेकवून नुसती थांबते. मी हात मारतो.

१७ मे
कॉलेजच्या वार्षिकात प. सरांचा लेख येतोय म्हणे. "खान्देशातील टारंटुलाची पैदास: एक प्रयोग." त्यासाठी जिवंत पिल्लांचे फोटो हवेत, "जमल्यास दोन नमुने." तुमचं नाव आभारात घालतो म्हणाले.

या वेळी "हो सर" आलं नाही. नाही म्हटलं. का, विचारलं त्यांनी. म्हटलं, तुमच्या कपाटात जागा नाही. मग थोडं जास्तच बोललो. बरणीवरचं नाव खोडा म्हटलं. कुणाचं घालू, विचारलं. खरं सांगायचं तर माझंही नको होतं तिथे. दाजींचं घाला म्हटलं, ते चप्पल अडवणारे. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. तीस वर्षं उशीर.

सुमनने भिंतीपलीकडून ऐकलं असणार. चहा दिला. साखर नेहमीएवढी.

२८ मे
अकरा. दोघांनी कात टाकली, टाकलेली कात बाटलीत तशीच, पोकळ पायांसकट. आधी मेलंच समजलो. वनखात्याच्या माणसाला फोन: "अजून आहेत का?" आहेत. "बघू." आता बघू! सोबत येणार होता. नाही आला तर दाजींच्या जीपने जाऊ.

४ जून
बा. ९ सहा दिवस खात नाही. बाटलीच्या तोंडाशी जाळ्याचा पडदा विणून आत बसलंय. काहीच हालचाल नाही. कात टाकायच्या आधी असं करतात. मरायच्या आधीही गप्पच होतात, तेही बघून झालंय.

आज दुपारी बाटली उचलली, चिमटा हातात घेतला. पडदा जरासा बाजूला करून बघावं, पाय आखडलेत का. तेवढंच. झाकणाला हात घातला.
सुमन मागे उभी. "उघाडू नका. ऱ्हाऊ द्या."
"बघितल्याशिवाय कळणार कसं?"
"आजच कसाले कळाले पायजे?"

चिमटा हातात. त्या पाकिटाबद्दल, त्या रात्रीच्या भाकरीबद्दल मला तिच्याशी जे बोलायचंय ते महिनाभर तोंडाशी येतंय आणि येत नाही. आत्ताही आलं. "सुमन," म्हटलं.
"जेवाले चाला," म्हणाली.
बाटली माठाखाली परत ठेवली. झाकण न उघडता जेवायला गेलो.